मतदानाच्या शनिवारी घराचा लिलाव

पिकेट स्ट्रीट, फूट्सक्रे, मेलबर्न
गुरुवार, ३ एप्रिल

ती. मर्व्हदादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार थोडा आणि संताप फार, वि. वि.

आणि मांजरसुद्धा पुसून टाकलं! माझ्या दारात, माझ्या गुलाबाच्या आळ्यात खांब ठोकून माणसापेक्षा उंच बोर्ड उभा केलाय. त्यावर माझ्याच घराचा फोटो, आणि त्या फोटोत इथं कुणी राहतं याची एक खूण शिल्लक ठेवलेली नाही. दोरीवरचे कपडे गायब. पायरीवरचे बूट गायब. खिडकीतलं मांजर गायब. गवत मात्र हिरवंगार, जे मी या अंगणात जन्मात पाहिलेलं नाही. शेजारची लान बोर्डापुढं उभी राहून म्हणाली, की काय सुंदर घर आहे, कुठल्या भागातलं? तिला म्हटलं, बाई, तू ज्या घरातून साखर नेतेस ना, तेच हे.

झालं असं, की आमच्या घरमालकीण डेस्पिनाबाई वृद्धाश्रमात गेल्या. बाई कशी होती तुला माहीत आहे. नळ गळतोय म्हटलं की प्लंबर नाही पाठवायची, स्वतः पाना घेऊन यायची, सिंकखाली आडवी व्हायची आणि तिथूनच मला स्वयंपाकातल्या चुका सांगायची. भाडं वाढवायचं ती विसरायची. मी आठवण केली नाही, मला काय पडलंय? आता सगळा कारभार तिच्या मुलाकडं, थिओकडं. तो नदीपलीकडं राहतो आणि फार सभ्य आहे. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हाच त्रास. मला फळांची टोपली पाठवली, आणि टोपलीत चिठ्ठी, की आपण घर विकायला काढतोय.

लिलाव करणार आहे ब्रेडन नावाचा एजंट. वय माझ्या इस्त्रीपेक्षा कमी. निळा सूट, तुकतुकीत बूट आणि पायात मोजे नाहीत. एवढं कमिशन खातात ही माणसं आणि मोजे परवडत नाहीत. त्यानं तारीख काढलीय ३ मे, म्हणजे मतदानाचा शनिवार. मी म्हटलं, बाबा रे, समोरच्या शाळेत मतदान असतं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि मी स्वतः शाळेच्या फाटकात, शाळेच्या निधीसाठी, मतदारांना विकायला सॉसेज भाजत असते. तर म्हणाला, तेच तर हवंय, गर्दी बघून गिऱ्हाइकाला चेव येतो. जणू मी सर्कशीत राहते.

जो कुणी विकत घेईल तो मला काढणार, हे सांगायला शाळा शिकायला नको. पाडून तीन मजली खोकी बांधतात आजकाल. आणि शाळेच्या कॅन्टीनमधल्या पगारावर या भागात एकट्या बाईला दुसरं घर मिळायचं नाही. कॉलिन पर्थला कामाला म्हणून गेला तो अजून कामावरच आहे, त्यामुळं नवऱ्याचा पगार धरू नकोस. मला हाच रस्ता हवा. पावाचं दुकान, स्टेशन, शाळा, लान, सगळं हाकेच्या अंतरावर. मी इथून हलणार नाही. काय करू ते सांग. फक्त तुझ्या गावाला ये असं सांगू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू हं हं करतोस आणि फुटबॉल बघतोस. कागद निदान हातात धरावा लागतो.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नोलीन


वुंगारा, मॅली
बुधवार, ९ एप्रिल

चि. नोलीस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद, जरा लांबूनच, कारण तुझं पत्र अजून गरम आहे.

मी पत्र मोठ्यानं वाचलं तर आमच्या कुत्र्यानं, डस्टीनं, शेपूट आत घातलं. त्याला वाटलं मी त्यालाच बोलतोय. त्याला सांगितलं, की ही तुझी आत्या, ती सगळ्यांशीच असं बोलते.

तू जे सांगू नको म्हणतेस तेच सांगतो. इथं ये. तू तिथं मोटारीच्या शेडएवढ्या जागेला जेवढं भाडं देतेस त्यात इथं चार खोल्या, व्हरांडा आणि लिंबाचं झाड मिळेल. माझ्याच घरात मागची खोली रिकामी आहे, तिचं तर भाडंही नाही. समोर गव्हाच्या कोठारांचे सायलो आहेत, त्यांच्यावर आता कुणी चित्रकारानं उंच उंच माणसं रंगवलीत. शहरातून लोक गाड्या घेऊन येतात, मान वर करून फोटो काढतात आणि तसेच निघून जातात, कारण थांबून चहा प्यायला काही उघडं नसतं. पब आता फक्त गुरुवार ते शनिवार. तेही मालकाची कंबर ठीक असली तर.

आपला फुटबॉल क्लब शेजारच्या गावात विलीन झाला. म्हणजे त्यांनी गिळला. माझ्या गळ्यात त्यांचा मफलर कधी दिसणार नाही, हे तू लिहून ठेव. त्यामुळं शनिवार मोकळा असतो.

बाकी तुझ्या कामगारांच्या पक्षाला जन्मभर मत देऊन तुला मिळालं काय, तर दारात बोर्ड. आमच्या शेतकऱ्यांच्या पक्षाला मत देऊन मलाही काही मिळालेलं नाही, पण निदान दारात खड्डा तरी कुणी खणला नाही.

डोळे बरे आहेत. डॉक्टर म्हणतो, संध्याकाळी गाडी चालवू नकोस. तो तरुण आहे, त्याला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते.

राग आवरून उत्तर लिही, आणि या म्हाताऱ्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे.

तुझा मर्व्ह


फूट्सक्रे
बुधवार, १६ एप्रिल

ती. मर्व्हदादास,
नमस्कार, वि. वि. राग आवरला नाही, आवरणारही नाही.

चार खोल्या आणि लिंबाचं झाड. लिंबांचं नाव माझ्यापुढं काढू नकोस. ब्रेडननं एक पोरगी पाठवली, घर सजवायला. तिनं माझे पडदे काढले, फ्रिजवरचे फोटो काढून खोक्यात घातले, जॉयसवहिनीनं विणलेली चादर कपाटात कोंबली आणि टेबलावर एक काचेचं भांडं ठेवलं, त्यात लिंबं. न्हाणीघरात पांढरे टॉवेल, ते वापरायचे नाहीत. साबण, तोही वापरायचा नाही. मी विचारलं, की मी आंघोळ करायची की नाही? तर म्हणाली, शनिवारी आणि बुधवारी शक्यतो नको. शुक्रवारी मी मासे तळले आणि तिची दोन लिंबं पिळली. आता रोज एक पिळते. भांडं उतरत चाललंय आणि ब्रेडन दर वेळी त्याच्याकडं संशयानं बघतो.

घर बघायला लोक येतात ते दारात बूट काढून, देवळात आल्यासारखे, आणि मग माझी कपाटं उघडतात. एका बाईनं माझ्यासमोर नवऱ्याला सांगितलं, की ही भिंत पाडायची, ते स्वयंपाकघर पाडायचं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं तिसरा नंबर माझा. मी घरात थांबू नये असं ब्रेडनचं म्हणणं होतं. भाडेकरू दिसला की गिऱ्हाइकाचं मन खट्टू होतं म्हणे. मी म्हटलं, मन खट्टू झालं की माणूस खुर्चीत बसतो, आणि मी बसलेय ती खुर्ची माझी आहे.

दुसरं घर बघायला गेले होते, उगाच तुझ्यासारखं हट्टी म्हणायला नको कुणी. सनशाइनला, रेल्वेच्या कडेला, दोन खोल्या. रांग पार कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत. पुढं उभी असलेली मुलगी तिच्या कुत्र्याचं शिफारसपत्र घेऊन आली होती, फोटोसकट. माझ्या मांजराचं कोण लिहील? आत गेले तर न्हाणीघराच्या छताला काळी बुरशी. तिथली एजंट म्हणाली, की जागेत जुनेपणाचा गोडवा आहे. मी म्हटलं, गोडवा नाही, तो दमा आहे. अर्ज केला. उत्तर नाही.

आता राजकारण ऐक, तुला फार आवडतं. डंकन नावाचा एक अपक्ष उभा आहे. गोरा, हसरा, दात मोजून घ्यावेत असा. दारात आला आणि म्हणाला, की भाडेकरूंचं दुःख आपण आपलं दुःख मानतो, तुमच्या कुंपणावर आमचा फलक लावू का? मी म्हटलं, कुंपण माझं नाही, घर माझं नाही, पण लाव, थिओला काय कळतंय. मग विचारलं, की तुला स्वतःची घरं किती? तर तो जरा खोकला आणि म्हणाला, की ते थोडं गुंतागुंतीचं आहे. तीन आहेत, लाननं शोधून काढलं. आता आमच्या कुंपणावर एका बाजूला बोर्ड, घर विकणे आहे, आणि त्याला चिकटून डंकनचा फलक, घर प्रत्येकाचा हक्क. पोस्टमन रोज हसतो.

मतपत्रिकेवर सगळ्याच उमेदवारांना क्रमानं नंबर द्यायचे, त्यात पहिला माझ्याच पक्षाला देणार. डंकनला दुसरा द्यायचा की तिसरा, हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या माणसाला शेवटचा, दर वेळेप्रमाणे, तुझी आठवण म्हणून.

आणि डॉक्टर तरुण आहे म्हणून त्याचं ऐकायचं नाही, हे कुठून काढलंस? डोळ्यांचं नीट लिही. हं हं चालणार नाही.

प्रेम आहे तसंच राहो, शहाणपण मात्र वाढो.

तुझी नोलीन


वुंगारा
गुरुवार, २४ एप्रिल

चि. नोलीस,
आशीर्वाद, आणि लिंबांसाठी शाबासकी.

डोळ्यांचं नीट लिहायचं तर एवढंच, की गाडी आता शेडमध्ये आहे. संध्याकाळीच नाही, दिवसाही. परवान्याचा कागद कचेरीनं ठेवून घेतला. शेजारची थेल्मा मंगळवारी पाव आणि दूध आणून देते, तिला त्या बाजूला जायचंच असतं. काळजीचं काही नाही. चालायला पाय आहेत आणि जायला तसं कुठं नाही.

उद्या अँझॅक दिवस, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. पहाटे स्मारकापाशी आम्ही पाच-सहा जण असू. बिगूल वाजवणारा पोरगा बेंडिगोला कामाला गेला, म्हणून टेप लावणार. मतदान नेहमीच्या सभागृहात, पण यंदा सॉसेज नाहीत. भाजणाऱ्या बायकांपैकी एक वारली आणि दोघी मुलांकडं राहायला गेल्या. सॉसेजशिवाय मत द्यायचं, हा देश कुठं चाललाय ते आता तूच बघ. आणि कांदा सॉसेजच्या खाली घालतेस ना अजून? वर घातलास तर तो शर्टावर पडतो, हे मी तुला कितीदा सांगितलं.

मागची खोली साफ केली. जॉयस वारल्यापासून बंद असलेलं तिचं शिवणाचं मशीन व्हरांड्यात हलवलं. नवीन गादी मागवली, ती आली, प्लॅस्टिकमध्येच आहे. घाई नाही. लिलाव होऊ दे, मग ठरव.

तुझ्या मांजराला डस्टी काही करणार नाही. तो आता कुणालाच काही करत नाही.

आठवण ठेव, एवढं मागणं.

तुझा मर्व्ह


फूट्सक्रे
रविवार, ४ मे

ती. मर्व्हदादास,
नमस्कार, वि. वि. आज हसून हसून बरगड्या दुखतात, म्हणून अक्षर वाकडं.

घर विकलं गेलं नाही! थांब, नीट सांगते.

सकाळी दार उघडल्या उघडल्या मी मत देऊन आले आणि फाटकात शेगडी पेटवली. कांदा खालीच घालते, तुझं एवढं एक ऐकलंय आयुष्यात. अकराच्या सुमाराला मतदानाची रांग आमच्या कुंपणापर्यंत आली आणि तेवढ्यात ब्रेडन माझ्या पायरीवर चढला. मोजे नाहीतच. शेजारपाजारचे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले, कुणी कॉफी, कुणी पोरं. लिलाव बघायला कोण सोडतं? रांगेतल्यांनीही माना तिकडं वळवल्या, हातात माझे सॉसेज. ब्रेडन म्हणाला, की ही वास्तू म्हणजे इतिहास आहे आणि तिच्यात सुधारणेला भरपूर वाव आहे. म्हणजे न्हाणीघर गळतं.

घेणारे दोनच. एक जोडपं, बाळाची गाडी घेऊन, दोघंही भीतीनं पांढरीफटक पडलेली. आणि एक कानाला फोन लावलेला माणूस, जो कुणासाठी बोली लावत होता देव जाणे. थिओ समोरच्या झाडाखाली नखं खात उभा. बोली चढत होती. तो नवरा दर वेळी बायकोकडं बघायचा आणि मग हात वर करायचा. मला त्या पोरांचा राग येईना, दादा. त्यांनाही कुठंतरी राहायचंच आहे. पण बोलीकडं कान लावता लावता माझे दोन सॉसेज करपले. थिओला हवा होता तो आकडा अजून थोडा लांब होता, पण लांब म्हणजे दोन हात.

आणि डंकन आला. लोकांशी हात मिळवत, पाठी थोपटत, मागे फोटो काढणारी पोरगी. त्यानं माझ्याकडं बिनकांद्याचा सॉसेज सांगून ठेवला होता. बिनकांद्याचा! तेव्हाच मनात म्हटलं, सकाळी त्याला तिसरा नंबर दिला तेच बरं केलं. तर त्याचा सॉसेज भाजून निवत चालला होता. मी चिमटा उंच केला आणि हाक मारली, की घ्या हो तुमचं, थंड होतंय. त्यानं हात वर केला. अगदी पूर्ण, खांद्यापासून, पंजा उघडा, जसा ही माणसं करतात.

आणि ब्रेडन ओरडला, की नवी बोली, शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांची!

सगळा रस्ता वळला. आता डंकनला कळायला नको? पण एवढी माणसं एकदम आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर त्याला वाटलं, जयजयकार चाललाय. त्यानं दोन्ही हात वर केले. ब्रेडननं लगेच आणखी चढवली, डंकनवर डंकनची. लान खुर्चीतून खाली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, की साहेबांचं चौथं घर! मग मात्र त्याचा चेहरा असा झाला, की सॉसेज न खाता पोटात गेल्यासारखा.

पुढारी माणूस. नाही म्हणायचं तर एका शब्दात म्हणावं. पण त्यानं सुरुवात आजोबांपासून केली, ते कसे भाड्याच्या खोलीत वाढले, मग भाडेकरूंवर आला, मग पाणीपुरवठ्यावर. ब्रेडन घामाघूम, बोली मागे घेतली, मागे घेतली, असं ओरडतोय. पण तोवर बाळ रडायला लागलं, आणि ती आई नवऱ्याला म्हणाली, की इथं खरं कोण आणि खोटं कोण कळत नाही, आपण जाऊ या. गेली दोघं. फोनवाला एकटा राहिला आणि समोर कुणी नसल्यावर त्यानं पुढं बोली लावायला नकार दिला. नंतर आत बसून त्यानं थिओला आणखीच कमी आकडा सांगितला. थिओनं सभ्यपणे त्याला बाहेरचं दार उघडून दिलं.

मी काही केलेलं नाही. लोक उगाच बोलतात. कॅन्टीनची मुख्य बाई म्हणाली, की चिमटा जरा जास्तच उंच गेला होता. तिला म्हटलं, मी बुटकी आहे, गर्दीत दिसायला नको? सॉसेज त्याचाच होता, तो थंड होत होता, आणि मी हाक मारली.

डंकन निवडणुकीत पडला. सॉसेजही तिथंच राहिला.

आता थिओ काय करतो बघायचं. पण आज रात्री मी पांढऱ्या टॉवेलनं अंग पुसणार आहे.

आनंदात आहे, तूही हो. आणि माझ्यावरचा लोभ निवडणुकीवर अवलंबून ठेवू नकोस.

तुझी नोलीन


वुंगारा
शुक्रवार, ९ मे

चि. नोलीस,
आशीर्वाद, आणि अभिनंदन.

पत्र थेल्माला वाचून दाखवलं, ती टेबलावर डोकं ठेवून हसली. लहानपणापासून तुझा हात चुकून कधी वर गेलेला मला माहीत नाही, पण मी कोर्टात तसं सांगणार नाही.

आमचा माणूस निवडून आला. अभिनंदन करू नकोस, तो दर वेळी येतो. सभागृहात मतपेटीवाल्या बाई, थेल्मा आणि मी, एवढेच होतो बराच वेळ. बाईंनी थर्मासमधला चहा दिला. मत दिल्यावरही मी बसलो जरा.

तर आता तुला यावं लागणार नाही. चांगलं झालं. मनापासून सांगतो. गादी परत घेतात का विचारलं, तर प्लॅस्टिक फाटलेलं नसेल तर घेतो म्हणाले. डस्टी त्यावर झोपला होता, पण प्लॅस्टिकवरच.

थंडी पडायला लागली. फुटबॉल ऐकतो. बाकी विशेष काही नाही.

सवड होईल तेव्हा दोन ओळी धाड, तेवढ्यावर आमचं चालतं.

तुझा मर्व्ह


फूट्सक्रे
बुधवार, १४ मे

ती. मर्व्हदादास,
नमस्कार, वि. वि. हे पत्र कुत्र्याला वाचून दाखवायचं नाही. हे तुझ्यासाठी आहे.

थिओ आला होता, स्वतः, बिस्किटांचा डबा घेऊन. म्हणाला, की आईला लिलावाचं सगळं सांगितलं, ती इतकी हसली की नर्स धावत आली. आणि मग तिनं त्याला झापलं, की नोलीनला काढायचं नाही, निदान मी असेपर्यंत. तर दोन वर्षं तो घर विकणार नाही. दोन वर्षांचा करार देतोय, लेखी. इथपर्यंत गोड. पण वृद्धाश्रमाचा खर्च त्याला भागवायचाय, म्हणून भाडं इतरांएवढं होणार. त्याची चूक नाही, इतकी वर्षं मीच गप्प बसले होते. ते भाडं माझ्या एकटीच्या पगारात बसत नाही. मी सगळीकडून बघितलं, बसत नाही. ब्रेडन म्हणतो, की करारावर दोन नावं हवीत, दोघांचं उत्पन्न दाखवून. शुक्रवार २३ तारखेला संध्याकाळी दुसरं नाव आलं नाही, तर शनिवारी तो दार उघडून दुसऱ्या भाडेकरूंची रांग लावणार.

लानच्या ओळखीचा एक विद्यार्थी खोलीसाठी तयार आहे. तो ट्रॉम्बोन शिकतो, तो लांबलचक पितळी बाजा. मी ऐकलं त्याचं, लानच्या अंगणात. रेडा पाण्यात बुडतो तसं.

म्हणून तू ये.

आता लगेच नाही म्हणायला तोंड उघडू नकोस, आधी पुरतं वाच. काल मी थेल्माला फोन केला. रागावू नकोस तिच्यावर, मीच खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, की शनिवारी दुपारी तू शेडमध्ये जातोस, बंद गाडीत पुढच्या सीटवर बसतोस आणि गाडीच्या रेडिओवर फुटबॉल ऐकतोस, कुत्रा शेजारी घेऊन. घरात चांगला टीव्ही असताना. सीटचा पट्टासुद्धा लावतोस म्हणाली. मी फोन ठेवला आणि माझं कशातच लक्ष लागेना.

इतके दिवस मला वाटलं तू मला माझ्यासाठी बोलावतोयस. मी मूर्ख. पबचे वार मोजून लिहिणारा माणूस, मत दिल्यावर बसून राहणारा माणूस, तो गादी कुणासाठी आणतो हे मला आत्ता कळलं. पण मी तिकडं आले, तर दोघंही सायलोकडं बघत बसू, आणि माझी नोकरी जाईल. इथं स्टेशन पायाखाली आहे, गाडीची गरज नाही. डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल ट्रामनं गाठता येतं. शनिवारी मैदानावर जाऊन खरा फुटबॉल बघता येतो, मी नेईन, आरडाओरडा तू कर. घराचं काय करायचं ते पुढं बघ, विकू नकोस, थेल्माला किल्ली दे.

आणि दया म्हणून बोलावतेय असं समजू नकोस. मला अर्धं भाडं हवंय. तुझं पेन्शन आहे, ब्रेडनला पेन्शन चालतं, मी विचारलं. कुत्राही चालतो, पण फोटो मागितलाय, तर त्याला आंघोळ घालून काढ. मत तुझं तुला हवं त्याला दे, माझ्या कुंपणावर फलक मात्र लावायचा नाही. भांडी आळीपाळीनं. सल्ले आठवड्यातून एकदाच.

शहर तुला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. तू रोज तक्रार करशील आणि मी रोज ऐकून घेणार नाही. पण तक्रार करायला समोर माणूस तरी असेल, दादा. मलाही हवंय ते. लान रात्री तिच्या घरी जाते.

जीव लावतोसच, तर आता जवळ येऊन लाव.

गुरुवारी, २२ तारखेला, माझ्या हातात उत्तर पाहिजे. पत्र वेळेत पोचणार नसेल तर थेल्माच्या फोनवरून कळव. बघतो, विचार करतो, थंडी संपू दे, यातलं काहीही आलं तर मी त्याला नकार समजेन आणि ट्रॉम्बोनवाल्याला किल्ली देईन. येणार की नाही येणार, एवढंच सांग. गुरुवारपर्यंत.

तुझी नोलीन